जुनी गाडी कधी तापते, ते आधी बघा

भाऊ, गाडी तापते म्हणून लगेच रेडिएटर (इंजिनचं पाणी गार करणारी पुढची जाळी) बदलायची घाई करू नका, तापमानाचा काटा कधी चढतो ते बघा. चाळीसगावच्या बाजारात उभ्या उभ्या तापते आणि रस्त्याला लागली की उतरते, म्हणजे रेडिएटरला हवा कमी पडतेय. इंजिन बंद करून फॅनबेल्ट (पंखा फिरवणारा पट्टा) मधोमध अंगठ्याने दाबा. 10-12 मिमीपेक्षा बराच जास्त दबला तर ढिला आहे.

कन्नड घाटात तापत असेल, तर बहुतेक रेडिएटर चोक. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं ओतलं की नळ्यांत पांढरा क्षार धरतो. इंजिन गार असताना रेडिएटरचं टोपण उघडून आत बॅटरी मारा, थर दिसेल. मग गाडी तापवून बंद करा, जाळीजवळ तळहात फिरवा. जिथे गार लागेल तो पट्टा बंद. साफ केल्यावर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा.

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) मात्र काढून फेकू नका, मिस्त्री सर्रास तेच सुचवतात. उकळत्या पाण्यात सोडा. उघडला नाही तरच नवा, तोही त्याच तापमानाचा.

गार इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे आले किंवा डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) दुधाळ ऑइल दिसलं, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेल्याचा संशय घ्या आणि गाडी हलवूच नका. तापलेलं टोपण कधीच उघडू नका, वाफेने तोंड भाजतं.