देवदार, नीट आणि तिसरा प्रयत्न

प्रश्न : मुलीने बारावीनंतर दोनदा 'नीट' दिली. पहिल्या वेळी ३१८ गुण मिळाले, नागपूरला वर्षभर क्लास लावून ३४७. आता तिसऱ्यांदा बसवायचं ठरवलं आहे. पण उन्हाळ्यात मनालीला जाऊन आल्यापासून तिचं एकच चाललंय : झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून जुन्या काळचं तापमान काढतात, ते शिकायचं. झाडं तोडून वर्तुळं मोजायची, हे काय शिक्षण झालं? यात स्कोप तरी काय? तिची ती वही सध्या मी कपाटात ठेवली आहे. एका पानाचा फोटो पाठवतो, म्हणजे तुम्हाला कल्पना येईल. तिला चार शब्द समजावून सांगा.
– एक पालक, बल्लारपूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या गुणांपाशी मी थांबलो नाही, थांबलो ते कपाटापाशी. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची वही तुम्ही काढून ठेवलीत, आणि ते सांगताय अशा सहजपणे, की जणू रात्री गॅस बंद केला.

"बसवायचं ठरवलं आहे." कुणी ठरवलं? अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका वाक्यापुरतं आलंय आणि तेही तक्रार म्हणून. तिला डॉक्टर व्हायचं होतं की नाही, नागपुरात ते वर्ष तिने कसं काढलं, जेवत होती का, झोपत होती का, यातलं काहीच नाही. वर्षभर क्लास, होस्टेल, टेस्ट सिरीज आणि वाढले एकोणतीस गुण. तिसऱ्या प्रयत्नात निघालेली मुलं मी पाहिली आहेत, नाही असं नाही. पण ती स्वतः हट्टाने बसलेली होती, त्यांना कुणी बसवलं नव्हतं. तुमच्या मुलीला तिसऱ्यांदा बसवू नका, हे माझं स्पष्ट मत. आणि वही आज परत द्या. पुढचं वाचायच्या आधी दिलीत तर उत्तमच.

आता तुमच्या शंका. झाड तोडत नाहीत. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीपेक्षाही बारीक लाकडी सळी काढतात आणि झाड उभंच राहतं. हा खटाटोप कशासाठी? आपला हवामान विभाग १८७५ सालचा, आणि उंच हिमालयात तर तापमापकच मोजके. त्याआधी शेकडो वर्षं तिथे काय घडलं, हे जिवंत साक्षीदारांनाच विचारावं लागतं. देवदार अनेक शतकं जगतो आणि सहसा दर वर्षी खोडात एक वर्तुळ, म्हणजे वलय, धरतो. हिमाचलातल्या लाहौलमध्ये तर हजार वर्षांहून जुने जुनिपर (देवदारासारखेच सूचिपर्णी वृक्ष) उभे आहेत.

स्कोप म्हणाल तर कायम नोकऱ्या थोड्या, हे लपवत नाही. काम होतं ते लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत, डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेत आणि आपल्या पुण्यात, पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत. वाट ठरलेली : वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी., नेट, पीएच.डी.; वनशास्त्र हवं तर दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. डॉक्टरकीलाही वर्षं काही कमी लागत नाहीत.

यापुढचं तिच्यासाठी आहे. तिला वाचायला द्या.

तुझ्या वहीचं पान पाहिलं. मनालीच्या ढुंगरी वनातल्या बुंध्याचं चित्र सुरेख आहे. पण खाली चौकटीत लिहिलंयस, 'रुंद वर्तुळ = उबदार वर्ष'. इथे चुकलीस. आल्प्समध्ये जंगल जिथे संपतं त्या उंचीवर हे बरंचसं खरं, कारण तिथे झाडाला थंडी अडवते; उन्हाळा उबदार गेला की वाढ होते. पश्चिम हिमालयातल्या कोरड्या उतारावरच्या देवदाराला मात्र पाणी अडवतं. मार्च ते मे जास्त तापले की पावसाळ्याआधीच माती सुकते आणि वलय अरुंद पडतं. म्हणजे तेच अरुंद वलय आल्प्समध्ये थंड उन्हाळा सांगेल आणि हिमाचलात तापलेला, कोरडा वसंत. शिवाय झाड कोवळं असताना वलयं तशीही रुंदच असतात, तो वयाचा भाग वजा करावा लागतो. एखाद्या वर्षी वलय पडतच नाही, म्हणून एका बुंध्यावर विसंबायचं नसतं. अनेक झाडांचे नमुने एकमेकांशी जुळवून साल पक्कं करतात. मग जवळच्या हवामान केंद्रावर नोंदलेल्या तापमानाशी ताडून पाहायचं आणि त्यानंतरच मागच्या शतकांत जायचं.

हे सगळं संख्याशास्त्र आहे, बरं का. आणि तू त्याच पानाच्या कोपऱ्यात लिहिलंयस, 'गणित सुटलं, वाचले!' नाही वाचलीस. डोंगरातले दिवस थोडे. बाकीचं वर्ष पॉलिश पेपर, सूक्ष्मदर्शक आणि संगणकासमोर जातं. ते आवडेल का, हे मनालीच्या सहलीवरून कळत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षापासून संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकायची तयारी नसेल तर हा विषय तुझा नव्हे, आणि मग वडिलांशी भांडायला दुसरं कारण शोध.

तपासायची सोय तुझ्या गावातच आहे. बल्लारपूरला सागाला काय तोटा? वखारीतून जुन्या ओंडक्याची एक चकती माग. तोडणीचं साल विचारून घे, नाहीतर मोजलेलं सगळं हवेत राहील. पॉलिश पेपरने घास, गुळगुळीत होईतो. भिंग लावलंस की प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसेल. सालीकडून आत मोजत ये. सागाची वलयं तापमानापेक्षा पावसाचं जास्त सांगतात, तेव्हा १९७२ पर्यंत पोहोचलीस तर दुष्काळाच्या वर्षाचं वलय अरुंद आहे का बघ. नसेल तर का नसावं, यावर एक पान लिही.

आणि ते पान मला तू पाठव. पाकिटावर वडिलांचं नाव नको.