बॅग भरण्याआधी पत्ता बघ

तू लिहिलंयस की चाकणला ज्या कंपनीत इंटर्नशिप केली, तिच्याच स्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगेनच्या ऑफिसात पहिली नोकरी लागली आहे. १ ऑक्टोबरला रुजू व्हायचंय, हातात अडीच महिने आहेत. विचारलंस ते असं: ताई, बॅगेत काय भरू, पैसे किती नेऊ, काम इंग्रजीतच आहे तर जर्मन शिकायला हवं का, आणि आई रोज रडते तिला काय सांगू. सगळ्यांची उत्तरं देते. पण त्याआधी जे तू विचारलंच नाहीस ते घेते, राहणार कुठे? "कंपनी दोन आठवडे हॉटेल देतेय, पुढचं तिथे गेल्यावर बघू" एवढ्या एका ओळीत तू घराचा विषय संपवलायस. मला काळजी वाटली ती नेमकी त्या ओळीची.

मी २०१६ साली कराडहून इकडे जर्मनीत आले. माझ्याकडे चार किलो पीठ होतं, लोणचं होतं, दोन स्वेटर होते, आणि पत्ता नव्हता. इथे घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत जाऊन पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. नोंदीसाठी घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो, की ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहायला आली आहे. त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. जीभ वळत नसली तरी पाठ कर, कारण कुठलीही खोली बघताना भाड्याच्याही आधी हा कागद मिळणार का ते विचारायचं आहे.

मी विचारलं नव्हतं. ज्याच्याकडून खोली घेतली तो स्वतःच भाडेकरू होता आणि मी तिथे राहते हे मूळ मालकाला माहीतच नव्हतं. भाडं त्याने वेळेवर घेतलं, कागद मात्र आज देतो, उद्या देतो. सात आठवडे गेले. नोंद नाही म्हणून करक्रमांकाचं पत्र नाही, आणि तो क्रमांक कंपनीला देता आला नाही म्हणून पहिल्या पगारातून सगळ्यात जड वर्गाने, म्हणजे सहाव्या वर्गाने कर कापला गेला. जास्तीचे पैसे पुढे परत मिळाले, पण तो महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. नोकरी लागल्याचे पेढे वाटलेल्या वडिलांकडे परत पैसे मागायला तोंड उघडेना. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून एवढं लिहितेय.

तेव्हा आजच एचआरला मेल टाक. पहिल्या तीन महिन्यांसाठी फर्निचरसकट घर शोधायला मदत करा, आणि तिथे आनमेल्डुंग करता आली पाहिजे, असं स्पष्ट लिही. नव्या माणसाला घर मिळणं स्टुटगार्टच्या पट्ट्यात अवघड आहे हे त्यांना ठाऊक असतं, पण आपण मागितल्याशिवाय कुणी हलत नाही. कंपनीच्या लेटरहेडवर पगाराचं पत्रही मागून घे. इथला मालक आधीच्या पगाराच्या स्लिपा मागतो, त्या तुझ्याकडे नाहीत, तर नेमणुकीचा करार आणि हे पत्र तरी दाखवता येईल. फक्त बोब्लिंगेन धरून बसू नकोस. एस १ ही लोकल हेरेनबेर्गहून बोब्लिंगेनवरून स्टुटगार्टला आणि पुढे एस्लिंगेनकडे जाते, त्या सगळ्या रेषेवर शोध. इतरांबरोबर वाटून राहायचं घर, ज्याला इथे 'वेगे' म्हणतात, सुरुवातीला उत्तम. मोकळं घर घेण्याच्या फंदात लगेच पडू नकोस. मोकळं म्हणजे किती मोकळं हे आपल्या डोक्यात येत नाही. पुष्कळ घरांत ओटा आणि सिंकसुद्धा नसतं, आधीचा भाडेकरू ते काढून घेऊन गेलेला असतो.

आणि एक गोष्ट काळजावर कोरून ठेव. "मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरियरने येईल" असं सांगणारा माणूस चोर आहे, फोटो कितीही सुंदर असोत. घर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने आत जाऊन बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

आता पैसे. भाड्याचे दोन आकडे असतात, काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे पाणी, सामाईक खर्च आणि हीटिंग धरून. जाहिरातीत छोटा आकडा ठळक असतो, तू मोठा बघ. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते, आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. हे मला दोन वर्षांनी कळलं. पगार महिन्याच्या शेवटी होतो, म्हणजे ऑक्टोबर पूर्ण तुझ्या खिशातून जाणार. ७०० युरोची खोली धरली तर अनामत, पहिलं भाडं, खाणंपिणं, प्रवास आणि अंथरूण-पांघरूण मिळून चार हजार युरो जवळ असावेत. थोडे रोख, बाकी फॉरेक्स कार्डावर. कर्ज काढून पाच-सहा हजार आणायचा विचार असेल तर आधी कंपनीला विचार, कुठे कुठे स्थलांतराचा भत्ता किंवा पहिल्या पगारातली उचल मिळते.

पगाराबद्दल तुझ्या बाबांचा हिशेब चुकतोय, तो आत्ताच दुरुस्त कर. वर्षाला ४८,००० युरोला १२ ने भागून ४,००० येतात खरे, पण अविवाहित माणसाच्या हातात कर, आरोग्य विमा, पेन्शन आणि बेकारी विमा जाऊन साधारण २,६०० च्या आसपास पडतात. त्यातून भाडं जातं. उरलेल्याला रुपयांत गुणून नातेवाइकांना सांगू नका, खर्चही युरोतच होतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल तर पहिले तीन महिने गावाकडच्या खात्यात आधीच भरून ठेव. बाहेर राहायला गेल्यावर आपलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं, त्याचे फॉर्म बँकेत जाऊन समजून घे. आणि तुझा भारतातला मोबाईल नंबर मरू देऊ नकोस! बँकेचा, आधारचा, सगळ्यांचा ओटीपी त्याच्यावर येतो. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घे आणि छोटं रिचार्ज करायचं काम धाकट्या बहिणीवर सोपव.

व्हिसाचं तू ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांचा नोकरीचा परवाना, म्हणतोयस ते बरोबर. नोव्हेंबर २०२३ पासून पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील तर पगाराची अट कमी लागते. २०२५ साली ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती आणि दर जानेवारीत बदलते, तेव्हा अर्ज करताना त्या वर्षीचा आकडा बघ. तुझ्या मित्राने सांगितलेलं एपीएस प्रमाणपत्र शिकायला जाणाऱ्यांसाठी असतं, त्यामागे धावू नकोस. तुला बघायचंय ते 'आनाबिन' नावाच्या जर्मन यादीत तुझं विद्यापीठ आणि तुझी पदवी आहे का. असेल तर त्या पानांची प्रिंट काढून जोड. नसेल तर पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्यात आठवडे जातात, म्हणून हे काम याच आठवड्यात.

कागदांत आपल्या मराठी माणसांची एक खास अडचण असते, ती नावाची. मार्कलिस्टवर आधी आडनाव, मग आपलं, मग वडिलांचं नाव, शेवटी आईचं. पासपोर्टवर वेगळाच क्रम. इथल्या कारकुनाला वडिलांचं नाव हे तुझंच दुसरं नाव वाटतं, आणि मार्कलिस्टवर पहिलं दिसणारं आडनाव तो पहिलं नाव म्हणून लिहितो. तेव्हा विमा, बँक, करार, तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहायचं. आणि घरात शिरलास की पहिल्याच दिवशी पत्रपेटीवर तुझ्या आडनावाची चिठ्ठी लाव. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, करक्रमांक, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते परत घेऊन जातो. नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की चर्चचा कर सुरू होतो, या राज्यात तो आयकराच्या ८ टक्के आहे. तुझा वसईचा मित्रही पुढच्या वर्षी येणार म्हणतोस, त्याला हे आधी सांग. भरावा की नाही हा त्याचा प्रश्न, पण माहीत असून भरावा.

जर्मन शिकायला हवंच. ऑफिसात इंग्रजी चालेल, पण घरमालक, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट आणि नगरपालिकेतल्या बाई तुझ्या ऑफिसात काम करत नाहीत. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे, अडीच महिन्यांत ए १, म्हणजे भाषेची पहिली पातळी, नीट होते. आकडे, तारखा, अक्षरं सांगून नाव लिहवणं आणि फोनवर वेळ ठरवणं, एवढं तरी तोंडात बसव. याचा रोखठोक फायदाही आहे. ब्लू कार्डवर कायमचा परवाना साध्या ए १ वर २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी १ ही वरची पातळी असेल तर २१ महिन्यांनी. माझ्यासाठी मात्र खरा फायदा वेगळाच होता. वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात थांबून बोलायला लागल्या तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी इथे राहते. तुझ्या भागातली माणसं श्वाबी बोली बोलतात, ती क्लासातल्या जर्मनसारखी मुळीच ऐकू येत नाही, तेव्हा सुरुवातीला काही कळलं नाही तर आपण नापास झालो असं समजू नकोस. तिथे केरवोखे नावाची पद्धत आहे. पाळीच्या आठवड्यात जिना आणि दारापुढचा रस्ता आपण झाडायचा, काही घरांत पाळीची पाटीसुद्धा दारावर टांगतात. ती पाळी कधी चुकवू नकोस. सकाळी अंगण झाडणाऱ्या आईच्या मुलाला ते जड जाणार नाही, आणि शेजारी तुला त्यावरूनच ओळखतील.

बॅगेचं थोडक्यात सांगते. जाड कोट इकडे आल्यावर घे, पुण्यात तुळशीबागेत मिळणारा इकडच्या पावसात भिजतो. थंडीत एकावर एक पातळ कपडे घालायचे, जर्मन लोकही याला कांद्याचंच नाव देतात. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, फक्त पिन वेगळी, त्यामुळे लहान मिक्सर चालतो. कुकर आण, शिट्टी आणि रिंग जास्तीची आण. थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कोकम आण. तूप आणू नकोस, युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. बुटरश्माल्त्स नावाने साजूक तुपासारखंच कुठल्याही दुकानात मिळतं. ताजा कढीपत्ता आणि आंबेही चालत नाहीत. चष्म्याची दुसरी जोडी करून घे, दाढ दुखत असेल तर पुण्यातच काम उरक. स्वयंपाक येत नाही म्हणतोस तर कुकरचा वरण-भात, एक उसळ आणि पोह्यांपुरतं तरी आईच्या शेजारी उभं राहून शिक. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी सामान भरलं नाहीस तर उपाशी राहशील.

पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला परीक्षेचा काळ असतो, त्या काळात दोन्हीकडून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी सुटू शकते. घाबरण्यासारखं नाही, पण त्याआधी गाडी, महागडा फोन किंवा लांब मुदतीचा करार नको. रजेचा पूर्ण हक्कही सहा महिन्यांनी लागू होतो, म्हणून या दिवाळीला येतो असं आईला कबूल करू नकोस.

आईचं. रडू नको असं तिला सांगू नकोस. माझी आई स्टँडवर हसत होती आणि घरी गेल्यावर दोन दिवस जेवली नाही, हे मला बहिणीकडून चार वर्षांनी कळलं. तिला काम दे. भाजणी तिच्या हातची, मसाले तिने बांधायचे, कागदांच्या फाइलची एक प्रत तिच्या कपाटात. फोनची वेळ आधीच ठरव. उन्हाळ्यात आपल्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. संध्याकाळी सातला मोकळा होऊन फोन केलास तर तिकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतील आणि ती तुझ्यासाठी जागी असेल. जेवणाच्या सुट्टीत, साडेबाराला कर, तिच्याकडे चहाची वेळ असते. पहिल्या महिन्यात रोज कर. डिसेंबरात साडेचारला अंधार पडायला लागला की तुलाच त्या फोनची गरज जास्त वाटेल, तेव्हा लपवू नकोस, तिलाही कळू दे.

घर ठरलं की करार सही करायच्या आधी मला पाठव. जर्मनमध्ये असला तरी चालेल, मी ओळ न् ओळ वाचून सांगेन.