किंमत 'फॉल्स', तरी बटण बंदच?

एचटीएमएल टॅगमध्ये लिहिल्या जाणाऱ्या डिसेबल्ड ('बंद') या अ‍ॅट्रिब्यूटला 'फॉल्स' अशी किंमत लिहिलीत तरी बटण बंदच राहणार. डिसेबल्ड, चेक्ड, सिलेक्टेड, रिक्वायर्ड यांची किंमत ब्राउझर बघतच नाही. टॅगमध्ये नाव दिसलं की पुरे. म्हणून अट खोटी असेल तेव्हा ते अ‍ॅट्रिब्यूट पानात उमटताच कामा नये.

त्यासाठी टॅगच्या पोटात इफ-एल्स (जर-तरची अट) घुसडू नका. एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कमध्ये टॅग हेल्पर (टॅगवर सर्व्हरवर प्रक्रिया करणारा सी-शार्प कोड) असलेल्या ऑप्शन किंवा इनपुटवर ते कंपाइलच होत नाही. अवतरण चिन्हांत फक्त बूल (खरं-खोटं साठवणारं) व्हेरिएबल ठेवा. ते फॉल्स किंवा नल ('काहीच किंमत नाही') असेल तर रेझर, म्हणजे पान तयार करणारी तिथली टेम्पलेट भाषा, अ‍ॅट्रिब्यूट स्वतःच गाळतो. टर्नरी (एका ओळीतली 'अट ? हे : ते' रचना) लिहिलीत तर दुसऱ्या बाजूला नल द्या, रिकामी स्ट्रिंग नको: ती गाळली जात नाही आणि बटण पुन्हा बंद! 'डेटा-' ने सुरू होणारी नावं मात्र नल असली तरी छापली जातात.

एरिया-एक्स्पांडेडचं (भाग उघडा आहे की मिटलेला, हे स्क्रीन रीडरला सांगणारं) उलटं. तिथे 'ट्रू' किंवा 'फॉल्स' हा शब्दच लागतो, तोही स्मॉल अक्षरांत. सी-शार्पचं टू-स्ट्रिंग पहिलं अक्षर कॅपिटल देतं, तेव्हा पुढे टू-लोअर जोडा.

अख्खं अ‍ॅट्रिब्यूट स्ट्रिंगमध्ये बांधून छापलंत तर रेझर अवतरण चिन्हं एन्कोड करतो (त्यांच्या जागी सांकेतिक रूप छापतो) आणि दोन शब्दांचा क्लास तुटतो. मग लोक मजकूर एन्कोड न करता जसाच्या तसा छापणाऱ्या एचटीएमएल डॉट रॉकडे वळतात. वापरकर्त्याचा मजकूर त्यात असेल तर ते सरळ धोक्याचं.

आणि हो, डिसेबल्ड फील्डची किंमत फॉर्मबरोबर सर्व्हरला जात नाही. ती हवी असेल तर टेक्स्टबॉक्सला रीडओन्ली (फक्त वाचण्यापुरतं) लावा. सिलेक्टवर तेही चालत नाही, तिथे ती किंमत धरणारं हिडन (न दिसणारं) इनपुट ठेवा.