रात्री शेतात डुकरांसाठी बंदूक चालवताना कानही वाचावेत आणि हात न लावता वॉकीटॉकीवर बोलताही यावं, यासाठी काय वापरावं?

कान झाकणं म्हणजे शहरी चोचले, असं आमच्या गावात अजूनही मानतात. म्हणून लिहायला बसलो.

यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आमचं वावर आहे. मोठेबाबांकडे परवान्याची १२ बोअर दुनळी. त्या वर्षी डुकरांसाठी वनखात्याची परवानगीही होती. तुरी डोक्याएवढ्या झालेल्या. मोठेबाबा धुऱ्यावर, त्यांच्या डाव्या हाताला मी बॅटरी घेऊन, आणि चुलतभाऊ नाल्याच्या अंगानं डुकरं हाकलत येणार, असं ठरलं. तो ठरल्यापेक्षा बराच वर, डावीकडून निघाला. "बाबा, थांबा, मी हाय इकडे!" दोनदा ओरडला. मला ऐकू आलं, मोठेबाबांना नाही. तुरी हलल्या तशी त्यांनी बंदूक तिकडं फिरवली. मी नळी खालून वर ढकलली आणि बार आभाळात गेला. नळीचं तोंड माझ्या उजव्या कानापासून हातभर असेल. तीन दिवस त्या कानात काहीच नव्हतं. आता रातकिडा आहे, चोवीस तास.

उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. म्हणून डावा आधी जातो. त्यातही ३००० ते ६००० हर्ट्झचे बारीक आवाज आधी. समोरचा बोललेलं कळतं, त्यामुळे कान गेलाय हे माणूस कबूलच करत नाही. अशा बंदुकीचा बार १५० डेसिबलच्या वर जातो, आणि १४० च्या पुढे एकच बारही कायमचं नुकसान करू शकतो. आतल्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत. कापसाचे बोळे विसरा.

मोठेबाबांचं आजही एकच: "कान झाकले तं डुकराची चाहूल काय तुले सपनात लागन?" फोमच्या बोळ्यांपुरतं ते खरं आहे, पण इलेक्ट्रॉनिक इअरमफला, म्हणजे हेडफोनसारखे दोन कप कानांवर बसतात त्याला, ते लागू नाही. त्याला बाहेरून माईक असतात. वाळका पाला वाजला तरी तो मोठा करून ऐकवतो, आणि बार झाला की तेवढा आवाज स्पीकर आत सोडत नाही, बाहेरून येणारा कपच अडवतो. मी त्यांना अंगणात घालून दाखवला. गोठ्यातल्या बैलाचं रवंथ करणं ऐकू आलं त्यांना. दोन मिनिटांनी काढून ठेवला आणि म्हणाले, जड होते.

आता तुमचं. ऑक्सचं, म्हणजे बाहेरच्या आवाजाची वायर खुपसायचं, भोक असलेलाच मफ घ्या. वॉकीटॉकीला कॉलर माईक लावा, त्याच्या ३.५ मिमीच्या भोकातून वायर मफमध्ये. आवाज एकाच कानात आला तर बिघाड नाही, मोनो-स्टिरिओचा अडॅप्टर लागतो. बोलण्याचं बटण छातीवर, डाव्या हाताला सापडेल असं. हात अजिबात न लावता, म्हणजे व्हॉक्सवर (आवाज झाला की सेट आपोआप बोलणं पाठवतो), चालवायचं असेल, तर माझा साफ विरोध आहे. बार झाला, कुत्रं भुंकलं, वारा सुटला की सेट आपोआप सुरू होतो आणि तेवढा वेळ दुसऱ्याचं बोलणं अडतं. शिवाय पहिला शब्द कापला जातो. "थांबा" हाच पहिला शब्द असतो, भाऊ. बटण दाबायला एक हात बंदुकीवरून काढावा लागतो, हे उलट चांगलंच आहे.

सेट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, बिनपरवान्याच्या पट्ट्यातला घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच सेटना परवाना लागतो, आणि बंदुकीचा परवाना असलेल्या माणसानं ती जोखीम घेऊच नये.

एक राहिलं. चष्म्याची काडी मफच्या गादीखाली फट पाडते, बारीक काडीचा चष्मा वापरा. मफमध्ये आवाज कोणत्या बाजूनं आला याचा अंदाज चुकतो, म्हणून कोण कुठं आहे ते सेटवर विचारल्याशिवाय बोट घोड्यावर नेऊ नका. ऑक्समधून येणारा आवाज बरेच मफ कमी करत नाहीत, तो आधीच बारीक ठेवा. आणि मफ मोजताना बॅटरी धरणाऱ्याचा धरा. तुमच्या प्रश्नात तो कुठंच नाही, आणि आमच्याकडे बॅटरी धरायला घरातलं पोरगंच उभं करतात.