वाचकांचे प्रश्न : सोडून दिलेली बस

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असून अमळनेरहून जाऊन-येऊन नोकरी करते. पहाटे साडेचारला उठून भाकरी, डबे आणि सासूबाईंचे पथ्याचे जेवण उरकते. रात्री दहाला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘माहिती आजच भरा’ असा निरोप येतो. हल्ली शाळा सुटल्यावर अमळनेरची बस समोर लागली तरी बाकावरून उठवत नाही. ती सोडून देते आणि घरी ‘बस उशिरा आली’ असे सांगते. महिनाभर रात्री तीनला जाग येते, छाती धडधडते. यजमान म्हणतात, ‘वर्गातली चाळीस पोरं सांभाळतेस, मग घरची दोन जड का होतात?’ मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्यास कार्यालयात कळेल का?
– एक शिक्षिका, जि. जळगाव

उत्तर : शाळा आणि घर यांच्यामध्ये आपल्याकडे कोणी काही मागत नाही अशी दिवसभरातली एकच जागा म्हणजे ते बाक, आणि तीही आपल्याला खोटे बोलून मिळवावी लागते आहे. घरची दोन मुले जड होतात ती चाळीस सांभाळल्यामुळेच, हे यजमानांना कोणीतरी सांगायला हवे.

महिनाभर मोडणारी झोप आणि धडधड यांना मात्र नुसता थकवा समजू नये. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासून घ्यावे, कारण त्यांतील बिघाडानेही अशीच धडधड होते. आणि अहवाल निर्दोष आले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्यास उशीर करू नये. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक असून कार्यालयाला ती परस्पर कळवली जात नाही. रजा घ्यावी लागल्यास प्रमाणपत्रावर काय लिहिले जाईल, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. एवढे जाणे तूर्त जमत नसेल, तर शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. जगणे नकोसे वाटू लागले तर सकाळची वाट पाहू नये.

शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामांना मनाई करते खरे. पण ऑनलाइन माहिती शाळेचेच काम म्हणून गणली जात असल्याने रात्रीच्या निरोपांवर त्याचा फारसा उपयोग नाही. मुख्याध्यापकांशी बोलून ते काम शाळेच्या वेळेत बसवावे.

घरी ‘मदत करा’ असे म्हणू नये, कारण मदतीत आठवण ठेवण्याचे काम आपल्याकडेच राहते. एखादी गोष्ट पूर्णच सोपवावी. उदाहरणार्थ दळण : पिठाचा डबा तळाला गेला हे पाहण्यापासून गिरणीतून पीठ आणण्यापर्यंत सगळे यजमानांकडे. पहिल्यांदा पीठ संपेल, भाकरीऐवजी खिचडी खावी लागेल. तरी आपण डबा उघडून पाहू नये.