विचारा तं खरं! विमानं पाहायला बेटावर जायचं म्हणतो

प्रश्न : जय गुरुदेव दादा. मी दिग्रस तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. लहानपणापासून विमानाचं वेड हाय, घरचे हासतात. मोबाईलवर सेंट मार्टिनचे व्हिडिओ पाहतो, लोकं बीचवर उभे अन् डोक्यावरून विमान चाललं. एकदा तरी असं सोताच्या डोळ्यानं पाहायचं हाय. नोकरी नाही, शेती हाय, थोडे पैसे बाजूला टाकले. तिथंच जाऊ का जवळपास दुसरं बेट हाय? अन् कधी जाऊ?

उत्तर : हासू दे त्यांना भाऊ. मंडप अन् डीजेत पैसा घालणाऱ्याला आपल्याकडं कोणी हासत नाही.

सेंट मार्टिनचं आधी सांगून टाकतो, काहून की व्हिडिओ पाहून सगळे तिथंच अडकतात. कॅरिबियनमधलं बेट, अर्धं फ्रेंचांचं अर्धं डचांचं, विमानतळ डच बाजूला, प्रिन्सेस ज्युलियाना नावाचा. धावपट्टी साधारण 2,300 मीटर म्हणजे मोठ्या विमानाला आखूडच, अन् तिचं एक टोक माहो बीचला लागून, मधात फक्त रस्ता अन् जाळीचं कुंपण. पट्टी वाया जाऊ नये म्हणून पायलट सुरुवातीलाच चाकं टेकवते, म्हणून विमान बीचवरून इतकं खाली येते, त्यात स्टंटबिंट काही नाही. पण तू ज्या निळ्या जम्बोचे व्हिडिओ पाहतो ना, केएलएम या डच कंपनीचं बोइंग 747, ते ऑक्टोबर 2016 पासून तिथं येतच नाही. अन् कुंपणाला लटकून जेटची हवा खाणारे दिसतात त्यांच्या नादी तं लागूच नको, जुलै 2017 मध्ये न्यूझीलंडची एक बाई त्या झोतानं फेकल्या गेली अन् जीव गेला तिचा. शिवाय पॅरिस नाही तं ॲमस्टरडॅम फिरून जा, दोन-तीन एकर कपाशीत ते बसत नाही.

तू फुकेतला जा, थायलंडमध्ये. एकच धावपट्टी, 3,000 मीटरची, पूर्व-पश्चिम, अन् पश्चिमेचं टोक थेट माई खाओ बीचवर. फक्त तिकीट काढायच्या आधी वारा पाहायचा, हे कोणताच टूरवाला सांगत नाही, त्याला घेणंदेणंच नसते. विमान उतरते ते वाऱ्याला तोंड देऊन, पाखरू बसते तसंच, काहून की समोरून वारा असला की जमिनीवरची स्पीड कमी राहते अन् पट्टी कमी लागते. मे ते ऑक्टोबर तिथं आपल्यासारखाच नैऋत्येचा मान्सून, वारा समुद्रावरून, मग विमानं जास्त करून जमिनीकडून येऊन उतरतात अन् समुद्राकडं उडून जातात, बीचवर येईपर्यंत चांगली वर गेलेली राहतात, तू नुसती वाळू तुडवून परत येशील. नोव्हेंबर ते मार्च वारा फिरते, ईशान्य-पूर्वेकडून येते, अन् तेव्हा विमानं समुद्रावरून बीच ओलांडून उतरतात. या बाजूनं पट्टीचा नंबर 09, म्हणजे होकायंत्राचे 90 अंश, तोंड पूर्वेला. उलट बाजूचा नंबर 27. (आपल्या नागपूरला 14 अन् 32 आहे, पाहून घे.) निघायच्या आधी फ्लाइटरडार ॲपवर रोज थोडं पाहत राहा, विमानं कोणत्या टोकाकडून उतरून राहिली ते लगेच कळते.

अन् तुझ्यासाठी तं हे आयतंच जमून आलं ना, तूर निघते जानेवारीत, कपाशीची वेचणीबी तोवर आटोपते, फेब्रुवारीत निघ.

मी गेलो तेव्हा वारा बरोबर पूर्वेचा होता. पहिले समुद्रावर नुसता दिवा दिसते, हालतच नाही, अन् आवाज तर बिलकुल येत नाही बराच वेळ. मग पंख दिसतात, फ्लॅप (पंखाच्या मागच्या हालत्या पट्ट्या) पूर्ण खाली सोडलेले, चाकं लोंबलेली, अन् ते डोक्यावर आलं की चाकाजवळच्या नळ्या-केबल वेगळ्या वेगळ्या दिसतात इतकं जवळ. सावली पाण्यावरून वाळूवर येते अन् अंगावरून निघून जाते. विमान गेलं की लोकं मोबाईल खाली करतात, तेव्हाच खरं थांबायचं असते, दोन-चार सेकंदांनी वर रिकाम्या हवेत सूं सूं फटकारे ऐकू येतात, पंखाच्या टोकाला पडलेले भोवरे राहतात ते. मग रॉकेलचा वास. जेटचं इंधन म्हणजे साफ केलेलं रॉकेलच की.

तिथं सिरिनाट नॅशनल पार्कच्या बाजूनं वाळूतून चालत जावं लागते, भरती असली तर वाट अरुंद होते. कुंपणाजवळ सेल्फीचा नाद नको, 2019 मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी कडक तंबी दिली होती की विमानाला धोका झाला तं कायद्यात शिक्षा पार फाशीपर्यंत जाते. ड्रोन घरीच ठेव. मोठी लेन्सही नको, विमान फ्रेममध्ये मावत नाही.

पासपोर्ट नसेल तर अंदमान. तिथल्या वीर सावरकर विमानतळाची नवी टर्मिनल जुलै 2023 पासून आहे, शिंपल्याच्या आकाराची. (पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्रीविजयपुरम.) पट्टीच्या एका टोकाला टेकड्या आहेत, म्हणून विमानं एकाच बाजूनं उतरतात अन् त्याच बाजूला उडून जातात, वारा पाठीवर असला तरी. पाठीचा वारा जास्त वाढला की पायलटची पंचाईत, घिरट्या नाही तर परत. पण पट्टी नेव्हीची, विमानतळावर फोटो काढू नको. खिडकीची सीट घे अन् डोळ्यानंच पाहा.

प्रश्न : अमरावतीच्या बेलोरा विमानतळाला आमच्या शेतावरून ते पंख्याचं विमान जाते. भाचा म्हणते तसंच विमान लक्षद्वीपला याच्याहून लहान पट्टीवर उतरते. खरं काय? – नांदगाव खंडेश्वर

उत्तर : भाचा हुशार आहे तुमचा. एप्रिल 2025 पासून अमरावतीला येते ते एटीआर 72, अन् लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर कोचीहून जाते तेही एटीआर 72. बेलोऱ्याची पट्टी 1,850 मीटर, अगत्तीची फक्त 1,200 च्या आसपास. बेटच मुळात चिंचोळं, दक्षिणेच्या शेपटावर पट्टी आखली अन् तिन्ही बाजूंनी पाणी, वाढवायची तर समुद्रात भराव घालावा लागेल. म्हणून विमान पूर्ण भरून नेता येत नाही, वजन कमी ठेवावं लागते. त्यात ऊन तापलं की हवा पातळ होते, पंखाला उचल कमी अन् उडायला पट्टी जास्त लागते, मे महिन्यात आपल्या बेलोऱ्यालाही हाच हिशोब. भाच्याला जायचं असेल तर आधी लक्षद्वीपचं परमिट काढा, त्याच्याशिवाय बेटावर पाय ठेवता येत नाही, मगच तिकिटाचं पाहा.

प्रश्न : मुलगा दहावीत, दिवसभर छतावर विमानं पाहते. याच्यात पोट भरते का? – आरमोरी

उत्तर : भरते ताई. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ठेवा. पुढं डीजीसीएची (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) मान्यता असलेल्या कॉलेजात विमान दुरुस्तीचा कोर्स, नागपूरच्या मिहानमध्ये मोठं दुरुस्ती केंद्र आहेच. नाही तर फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी करून एअर ट्रॅफिक कंट्रोलची परीक्षा, ती एअरपोर्ट अथॉरिटी घेते. कॉलेजची मान्यता डीजीसीएच्या यादीत पाहूनच फी भरा, चकचकीत बोर्डवर जाऊ नका. अन् छताला कठडा नसेल तं पहिले तो बांधून घ्या.