पद्मिनीचा मागचा पत्रा घरीच बदलता येईल का?

प्रश्न: नमस्कार दादा, बाबांची प्रीमियर पद्मिनी गोठ्याजवळ उभी राहून राहून मागून पार सडली, डिक्कीच्या खालचा पत्रा नि दोन्ही मडगार्डची खालची कडा बोटानं दाबली तर भुगा पडतो. वेल्डिंग सेट आहे. घरी जमेल का? – एक वाचक, दारव्हा

उत्तर: जमेल भाऊ, पण घाई नको. आधी बॅटरीची वायर काढा आणि पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून लांब ठेवा, रिकामी टाकी तर जास्त धोक्याची कारण आत वाफ असते, ह्यात अजिबात हयगय करू नका.

मग जुना पत्रा सरसकट ग्राइंडरनं कापू नका. वायर ब्रशनं रंग काढला की जोडावर रुपयापेक्षा लहान गोल खड्डे दिसतील, ते स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, तेवढेच ड्रिलनं फोडायचे म्हणजे आतला चांगला पत्रा वाचतो. नवीन पत्रा आधी क्लॅम्पनं नुसता धरा, डिक्कीचं झाकण लावून बघा, दोन्हीकडची फट सारखी येईपर्यंत वेल्डिंगला हात लावू नका, माझ्या मते अर्धं काम हेच. जोडाच्या आत झिंक प्रायमर (गंज रोखणारा जस्ताचा रंग) मारा.

तुमचा सेट साध्या रॉडचा असेल तर एवढा पातळ पत्रा जळून भोकं पडतील, मिगवाला (रॉडऐवजी बारीक तारेनं वेल्डिंग करणारा) बोलवा. एका ठिकाणी टाका मारला की दुसरा लांब मारायचा, नाहीतर उष्णतेनं पत्रा वाकतो. आणि गाडी परत गोठ्याजवळ नका ठेवू, गोमूत्राच्या ओलीनंच गंज धरतो.